प्रोसेसरचं टेम्परेचर: चार ठिकाणी चार आकडे, खरा कुठला?

वऱ्हाडी बाइट | ९ मे, रात्री ११:०५

मंडळी, प्रोसेसरचं राहू द्या, आधी माझंच डोकं तापलंय.

गेल्या महिन्यात सेकंडहँड असेंबल्ड पीसी घेतला. प्रोसेसर रायझन ७ १७००एक्स, १६ जीबी रॅम, वर टॉवरसारखा उभा कूलर. काम म्हणजे लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग. पहिल्या दिवसापासून फॅन असा ओरडतोय की बायको विचारते, घरात पिठाची गिरणी टाकली का?

म्हणून टेम्परेचर बघायला गेलो आणि फसलो. काही न करता नुसता चालू ठेवलेला पीसी आहे, तरी
जुन्या एका सॉफ्टवेअरमध्ये ७१,
एचडब्ल्यूइन्फो नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टीसीटीएल ७१ आणि खालच्याच ओळीत टीडाय ५१,
बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीचा सेटिंगचा स्क्रीन) ६०,
आणि डेस्कटॉपवर एक विजेट टाकलंय त्यात १६.८. हा आकडा कधी हलतच नाही बाप्पा.

दुकानदार म्हणतो सेन्सर गेलाय, बोर्ड बदला, साडेसहा हजार होतील. मी अकोल्यात आहे, भिंतीवरचं थर्मामीटर आत्ता ३७ दाखवतंय. काऊन असं होतंय? कुठला आकडा खरा धरू?

---

शंकासूर | ९ मे, रात्री ११:२२

कुठलाच धरू नका. हे सगळे सेन्सर अंदाजपंचे असतात. पीसी बंद पडत नाही ना? मग चालू द्या.

---

कांदेपोहे | ९ मे, रात्री ११:३०

कूलर नीट लावलाय का?

---

वऱ्हाडी बाइट | ९ मे, रात्री ११:३४

हो, वाळ्याच्या ताट्या परवाच बदलल्या, टाकीत पाणी पण आहे.

---

कांदेपोहे | ९ मे, रात्री ११:३५

अहो प्रोसेसरचा कूलर विचारतोय मी 😄

---

टर्मिनलवाली | १० मे, रात्री १२:१०

बोर्ड बदलू नका! निदान उद्यापर्यंत तरी.

७१ आणि ५१ यांत नेमका २० चा फरक आहे आणि तो योगायोग नाही. २०१७ मध्ये पहिले रायझन आले तेव्हा १६००एक्स, १७००एक्स आणि १८००एक्स या तिघांच्या टीसीटीएल आकड्यात रायझन बनवणाऱ्या एएमडीनं मुद्दाम २० अंश वाढवून ठेवले होते. साध्या १७०० मध्ये ते नाहीत. पुढे २७००एक्सला १० आणि थ्रेडरिपर या एएमडीच्याच मोठ्या प्रोसेसरांपैकी पहिल्यांना २७. टीसीटीएल म्हणजे फॅनला हुकूम देणारा आकडा. सगळ्या मॉडेलांना फॅनचं एकच धोरण लागू व्हावं म्हणून जास्त तापणाऱ्या मॉडेलांचा आकडा फुगवला, की फॅन आपोआप लवकर जोरात फिरतो. खरं तापमान हवं असेल तर टीडाय बघायचं. तुमचं जुनं सॉफ्टवेअर बहुतेक या भानगडीच्या आधीचं आहे, ते टीसीटीएल उचलून तेच 'सीपीयू टेम्परेचर' म्हणून दाखवतंय.

लिनक्समध्ये एलएम-सेन्सर्स हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून बघितलंत तर के१०टेम्प नावाखाली दोन्ही ओळी वेगवेगळ्या दिसतील. त्याच के१०टेम्पच्या माहितीपत्रकात एएमडीच्या जुन्या प्रोसेसरांबद्दल स्पष्ट लिहिलंय की टीसीटीएल हे प्रत्यक्ष तापमान नाहीच, मनानं ठरवलेल्या मोजपट्टीवरचा आकडा आहे, फक्त अंशात लिहिलेला.

बायोसचे ६० पण बरोबर असू शकतात. विंडोजमध्ये प्रोसेसर रिकामा (आयडल) असला की त्याचे कोअर, म्हणजे आतले काम करणारे भाग, झोपी जातात. बायोसच्या स्क्रीनवर वीज वाचवायची ती व्यवस्था चालत नाही, सगळे जागे राहतात. त्यामुळे बायोस विंडोजमधल्या आयडलपेक्षा जास्त दाखवतो, त्यात नवल नाही.

आता १६.८. हा माझा आवडता आकडा. विजेट जिथून वाचतंय तिथे तापमान केल्व्हिनच्या दशांशात ठेवतात. बोर्ड बनवणाऱ्यानं तिथे खरा सेन्सर जोडलेलाच नाही, जागा रिकामी नको म्हणून २९०० लिहून दिलंय. त्यातून २७३२ (म्हणजे शून्य सेल्सिअस) वजा करा: १६८. म्हणजे १६.८. काही बोर्डांवर ३०१० लिहितात, तिथे जन्मभर २७.८ दिसतं.

---

शंकासूर | १० मे, सकाळी ८:०२

म्हणजे कंपनीच मुद्दाम खोटं सांगते आणि तुम्ही म्हणता सेन्सर चांगले. माझं म्हणणं सिद्धच झालं की.

---

कॅलिब्रेशन काका | १० मे, सकाळी ९:१५

शंकासूर, वाढीव आकडा आणि खोटा आकडा यांत फरक आहे. किराणावाल्याचा काटा रिकाम्या पारड्याला २० ग्रॅम दाखवत असेल आणि ते तुम्हाला माहीत असेल, तर त्यावर साखर अचूक मोजता येते. काटा आज २० आणि उद्या ३५ दाखवत असेल तर मात्र तो भंगारात.

माझी ३१ वर्षं कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेली. थर्मोकपल (तापमान मोजायचा तारेचा सेन्सर) तपासताना आम्ही एका ठिकाणी कधीच तपासत नसू. बर्फाच्या पाण्यात एकदा, उकळत्या पाण्यात एकदा. (आणि पुण्यात पाणी १०० ला उकळत नाही, ९८ च्या आसपास उकळतं. नव्या पोरांना हे सांगितलं नाही की ते चांगल्या थर्मोकपलवर दोन अंश कमी दाखवल्याचा शिक्का मारून टाकायचे.) एका जागी चूक दिसली तर ती शून्याची (सगळीकडे सारखी) आहे की चढाची (तापमानाबरोबर वाढत जाणारी), हे कळत नाही. दोन जागी तपासलं की दोन्ही वेगळे होतात.

प्रोसेसर काही बर्फात बुडवता येत नाही. पण त्याच्याकडे एक सोय आहे जी माझ्या भट्ट्यांकडे नव्हती: तो किती वॅट खातोय हे तो स्वतःच सांगतो. आणि वीज शून्य असेल तर प्रोसेसर खोलीइतकाच असणार, त्यात वाद नाही. तेव्हा बाइट, एवढं करा.

पीसी रात्री पूर्ण बंद ठेवा. पहाटे कूलर (घरातला!) लावायच्या आधी थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या जाळीजवळ ठेवून खोलीचं तापमान घ्या. मोबाइलवरचं हवामान नको, ते शहराचं असतं, तुमच्या टेबलाखालचं नाही. पीसी चालू करून थेट बायोसमध्ये जा आणि पहिला दिसेल तो आकडा लिहा. मग विंडोजमध्ये पंधरा मिनिटं काही न करता टीडाय आणि पॅकेज पॉवर, दोन्ही लिहा. मग वीस मिनिटं जड रेंडर लावून तेच दोन आकडे पुन्हा. क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, किती गिगाहर्ट्झ आहे तेही बघा.

---

कांदेपोहे | १० मे, सकाळी १०:४०

एवढं कशाला? कोरोनात घेतलेली बंदूक असेल ना घरी? हीटसिंकवर रोखायची, झालं.

---

कॅलिब्रेशन काका | १० मे, सकाळी ११:२५

ती कपाळाची बंदूक आहे, माणसाच्या तापापुरतीच चालते. हीटसिंकवर नुसतं 'हाय' नाहीतर 'लो' दाखवेल. वर ती कातडीचं तापमान मोजून आतल्या तापाचा हिशेब जोडून दाखवते, त्यामुळे धातूवर तिचा भरवसा नाही.

कारखान्याची इन्फ्रारेड गन असली तरी चकचकीत अॅल्युमिनियमवर ती फसते. उघडा धातू स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि आरशासारखी समोरच्याची परत फेकतो. तापलेल्या हीटसिंकवर रोखलेली गन तुमच्या पोटाचं तापमान सांगते. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर रोखली तर ठीक. तरीही ते हीटसिंकचं तापमान झालं, आतल्या चिपचं नव्हे.

---

जुना हार्डवेअरवाला | १० मे, दुपारी १:३०

काकांना +१.

ही सॉफ्टवेअरची भांडणं जुनी आहेत. कोअर २ ड्युओचे दिवस आठवा. इंटेलचा सेन्सर तापमान सांगतच नाही, कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत एवढंच सांगतो. ती मर्यादा किती, ते इंटेलनं तेव्हा डेस्कटॉपसाठी छापलंच नव्हतं. मग ई८४०० या प्रोसेसरला एक प्रोग्राम ९५ धरायचा, दुसरा १०५. सेन्सर एकच, वजाबाकी एकच, पण स्क्रीनवर दहा अंशांचा फरक. गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, तुम्ही खराब माल दिला. २००८ मध्ये इंटेलनं १०० हा आकडा जाहीर केला आणि दोघेही चुकलेले निघाले. नेहेलेम या इंटेलच्या पुढच्या पिढीपासून ही मर्यादा प्रोसेसरच्या आतच लिहिलेली असते, प्रोग्रामला वाचता येते.

त्या पिढीतले काही सेन्सर खालच्या बाजूला अडकायचे. एसीत ठेवा, थंडीत ठेवा, एक कोअर ४१ च्या खाली उतरायचाच नाही. लोड दिला की मात्र बरोबर चढायचा. कारण ते बनवलेच होते वरच्या टोकासाठी: जळायच्या आधी ब्रेक लावायला. आयडलला पाच-सात अंश इकडेतिकडे झाले तर कुणाचं काही जात नाही. म्हणून आयडलच्या आकड्यांवर भांडणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवायचो.

---

गोंधळलेली | १० मे, दुपारी ३:१५

धागा वाचतेय, मधेच घुसते, सॉरी. माझ्या इंटेलच्या लॅपटॉपमध्ये व्हिडिओ कॉल सुरू केला की एका सेकंदात ५५ वरून ७८ होतं. कॉल संपला की लगेच खाली. लोखंडाचा तवासुद्धा एवढ्या पटकन तापत नाही! हा सेन्सरचाच घोळ ना?

---

टर्मिनलवाली | १० मे, दुपारी ३:४०

नाही गं, हे अगदी बरोबर आहे. सेन्सर सिलिकॉनच्या आत, कोअरच्या शेजारी बसलेला असतो. ती चिप नखाएवढी, तिला वजन ते काय? काम आलं की तिथल्या तिथे वीस अंश चढते. तव्यासारखा जड असतो तो हीटसिंक, तो सावकाश तापतो. उलट लोड देऊनही आकडा ढिम्म हलला नाही तर संशय घ्यायचा. कोअराकोअरांमध्येही पाच-दहा अंशांचा फरक असतोच, मधल्या कोअरला शेजारी जास्त.

जड कामात ९५-१०० ला जाऊन टिकतोय आणि त्याच वेळी क्लॉक पडतोय, असं दिसलं तर मात्र तो आकडा खरा. फॅन साफ करून घे. दोन मॉनिटरिंग प्रोग्राम एकाच वेळी चालू ठेवू नकोस. दोघे एकाच चिपला एकदम विचारतात आणि मधेच भलताच आकडा उमटतो.

अवांतर: आमच्या ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये एका नव्या मुलानं रात्री दोनला फोन केला, मशीन १२७ अंशांवर आहे, बंद करू का? नावात 'ऑक्सटिन' होतं. बोर्डावरच्या चिपला आठ-दहा तापमानांची सोय असते, कंपनी त्यातल्या तीन-चार पिनांना सेन्सर जोडते. उरलेल्या हवेत लोंबकळतात आणि १२७ किंवा उणे ६० असलं काहीही बोलतात.

---

वऱ्हाडी बाइट | ११ मे, सकाळी ७:५०

पहाटे पाचला उठलो. बायकोला वाटलं मॉर्निंग वॉक सुरू केला.

जाळीजवळ खोली: ३१.
बायोसमधला पहिला आकडा: ३६, मग चढत दहा मिनिटांत ५४.
विंडोज आयडल: टीडाय ४५, पॉवर ३० वॅट.
रेंडर, वीस मिनिटं: टीडाय ७५ (टीसीटीएल ९५), पॉवर ९५ वॅट. क्लॉक ३.४ च्याही खाली.

म्हणजे ९५ मधले २० खोटे, खरे ७५. म्हणजे काही झालेलं नाही, बरोबर ना? दुकानदाराला फोन करून चार शब्द सुनवतो.

---

कॅलिब्रेशन काका | ११ मे, सकाळी ९:०५

थांबा, फोन नंतर करा. पहाटे उठून मोजलंत, छान केलंत. आता आकडे काय म्हणतात ते बघू.

आयडलला खोलीपेक्षा १४ वर, ३० वॅटला. लोडला ४४ वर, ९५ वॅटला. भागाकार करा: दोन्हीकडे वॅटमागे ०.४६ अंश. दोन वेगळ्या ठिकाणी एकच चढ, आणि रेषा मागे नेली तर शून्य वॅटला बरोबर खोलीच्या तापमानाला जाऊन टेकते. पॅकेज पॉवरचा आकडाही ढोबळच असतो, पण आपल्या कामाला पुरतो. हाच हिशेब टीसीटीएल धरून करा: ३० ला ३४, ९५ ला ६४. रेषा मागे नेली तर शून्य वॅटला प्रोसेसर खोलीपेक्षा २० अंश गरम! चूल न पेटवता भात. म्हणजे टर्मिनलवालीताईंचे २० अंश तुमच्याच आकड्यांनी सिद्ध केले आणि टीडाय विश्वासाचा ठरला.

सेन्सर सुटला. आता कूलर. उभ्या टॉवर कूलरला वॅटमागे ०.४६ फार होतात. ०.३ च्या आसपास असायला हवेत. आणि पहाटे ३१ अंशांत, फॅन पूर्ण वेगात असताना क्लॉक पायाभूत ३.४ च्या खाली जातोय, म्हणजे प्रोसेसर स्वतःच ब्रेक लावतोय. दुपारी तुमची खोली ४० ला जाईल तेव्हा काय?

रेंडर चालू असताना कूलरच्या तांब्याच्या नळ्यांना, अगदी बुडाशी, बोट लावून बघा. फॅनपासून जपून.

---

वऱ्हाडी बाइट | ११ मे, सकाळी ९:४८

कोमट. अंघोळीच्या पाण्याएवढंही नाही. आत ७५ आणि बाहेर हे? मग सेन्सरच चुकतोय ना काका?

---

कॅलिब्रेशन काका | ११ मे, सकाळी १०:१०

सेन्सरला आत्ताच निर्दोष सोडलंय, पुन्हा पिंजऱ्यात उभं करू नका. आत ७५, बाहेर कोमट, याचा अर्थ उष्णता मधल्या मधे अडतेय. नळ्या चटका देत असत्या तर मी म्हटलं असतं फॅन-धूळ-हवा बघा. तुमचा घोटाळा प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधल्या थरात आहे. कूलर काढा.

---

जुना हार्डवेअरवाला | ११ मे, सकाळी १०:३०

काढायच्या आधी वाचा!! एएम४ ला (तुमच्या रायझनचं सॉकेट) प्रोसेसर कूलरला चिकटून त्याच्यासकट सॉकेटमधून उपसून येतो, पिना वाकतात. दहा मिनिटं रेंडर लावून पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधला उष्णता वाहणारा लेप) मऊ होऊ द्या, पीसी बंद, वायर काढा, स्क्रू सैल केल्यावर कूलर डावी-उजवीकडे हळूहळू पिळा. सुटल्याचं हाताला कळतं. सरळ वर ओढू नका. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडानं पुसा, नवी वाटाण्याएवढी मधोमध.

---

वऱ्हाडी बाइट | ११ मे, रात्री ९:२०

काढला. प्रोसेसर जागेवर राहिला, देव पावला.

चार स्क्रूंपैकी एक हातानंच फिरत होता, आवळलेलाच नव्हता. पेस्ट पानावर वाळलेल्या चुन्यासारखी, बोटानं खरवडली की पापुद्रा निघतोय. तीसुद्धा सगळीकडे नाही. तीन कडांना ठसा उमटलाय आणि सैल स्क्रूच्या कोपऱ्यात प्रोसेसरचा धातू कोरा, त्यावरची अक्षरं आत्ता छापल्यासारखी स्वच्छ. फोटो उद्या टाकतो.

पुसलं, नवी पेस्ट लावली, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. मोजणी उद्या पहाटे. बायको आता म्हणतेय तुम्ही खरंच वॉकला जा.

---

वऱ्हाडी बाइट | १२ मे, दुपारी ३:५५

पहाट, खोली ३१: रेंडरला टीडाय ६०, पॉवर १०८ वॅट, क्लॉक ३.५, हलत नाही.
दुपार, घरातला कूलर बंद, खोली ४१: तेच रेंडर, टीडाय ७१.

---

कॅलिब्रेशन काका | १२ मे, दुपारी ४:३०

१०८ वॅटला २९ अंश, म्हणजे ०.२७. जास्त वीज खाऊन पंधरा अंश खाली. आणि खोली दहानं वाढली तर आत अकरानं वाढलं, अगदी असंच व्हायला हवं. त्या अकराच्या ठिकाणी दोन किंवा पंचवीस आले असते तर मी पुन्हा सेन्सरकडे वळलो असतो.

---

शंकासूर | १२ मे, संध्याकाळी ५:१०

मान्य. पण विकणाऱ्यानं स्क्रू आवळला नाही आणि दोष सेन्सरवर ढकलला, हे विसरू नका.

---

टर्मिनलवाली | १२ मे, संध्याकाळी ६:००

बायोसमध्ये फॅन कर्व्ह (किती तापमानाला फॅन किती जोरात, ते) बदलून घ्या आता. फॅन टीसीटीएल बघूनच फिरतो, त्यामुळे खऱ्या ५० ला ७० समजून ओरडतो. टीसीटीएल ७० पर्यंत मंद आणि ८० च्या पुढे जोर, असं ठेवा. आणि ते जुनं सॉफ्टवेअर आणि १६.८ वालं विजेट, दोन्ही उडवा.

---

वऱ्हाडी बाइट | १२ मे, रात्री १०:१५

फॅन कर्व्ह बदलला, गिरणी बंद झाली. काका, ताई, जुने हार्डवेअरवाले, अकोल्याला आलात तर पोह्यांवर तर्री माझ्याकडून.

जुनं सॉफ्टवेअर उडवलं. विजेट मात्र ठेवलंय. दुपारी बाहेर ४४ होतं ना, घरात तेवढंच एक गार ठिकाण उरलंय.